सुतकाच्या घरचा डोळा

लालबागच्या कारखान्यात मी गणपतींची आखणी करतो, म्हणजे मूर्तींचे डोळे रंगवतो. या कामाला स्वतःचे दोन्ही डोळे धड लागतात. एकाच डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो आणि ब्रश नको तिथे टेकतो.

त्या वर्षी मूर्ती घासताना प्लास्टरचा कण माझ्या डाव्या डोळ्यात गेला. आमच्या चाळीत डोळ्याचे थेंब विरजणासारखे या घरातून त्या घरात फिरतात. शेजारच्या काकूंनी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली बाटली मायेने आणून दिली. लाली उतरली. सगळ्यांना वाटलं, झालं काम. थोड्याच दिवसांत बुबुळावर पांढरं फूल पडलं.

डॉक्टरीणबाई चांगल्याच उखडल्या. त्या थेंबांत स्टेरॉइड होतं. त्याने लाली दबली आणि आत बुरशीला रान मोकळं मिळालं. मग त्यांनी समजावलं, "बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा एक पडदा असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तो इतका स्वच्छ. औषधाने तुमची जखम भरेल, पण डाग जाणार नाही. दुसऱ्याचा पडदा बसवावा लागेल."

"दुसऱ्याचा म्हणजे कुणाचा?"

"मेल्यावर जो देऊन जाईल त्याचा."

नाव नोंदवलं आणि रंग कालवत दिवस काढले. पुढच्या वर्षी चतुर्थीच्या तोंडावर हॉस्पिटलातून फोन आला. बायको म्हणाली, "बाप्पाच पावला हो!" माझ्या मनात मात्र दुसरंच आलं. म्हणजे कुणाच्या तरी घरात आत्ताच माणूस गेलंय. त्या घरात सूतक. यंदा त्यांच्याकडे गणपती बसणार नाही.

पट्टी निघाली तेव्हा सगळं धुरकट दिसत होतं. चतुर्थीला कारखान्यात डोकावलो. घरोघरच्या मूर्ती गेल्या होत्या, एकच उरली होती.

"मयत झालं रे त्यांच्याकडे," मालक म्हणाले. "चिंचपोकळीचे. यंदा नाही नेणार."

"कधी झालं?"

"ह्याच आठवड्यात. का रे?"

मूर्ती माझ्याकडे बघत होती. मी कुणाच्या डोळ्याने तिच्याकडे बघत होतो, देव जाणे.

एवढ्या मोठ्या मुंबईत त्या आठवड्यात माणसं काय थोडी गेली असतील? कळतं मला. तरी चिंचपोकळीच्या पुलावर एखादी बाई जरा रोखून बघायला लागली की वाटतं, ओळखलं हिने. मग मी मान खाली घालून सटकतो.

पुढे नजर साफ झाली, चष्मा लागला. पुन्हा ब्रश धरला तेव्हा रेघ बरोबर जागेवर बसली. "हात तोच आहे रे तुझा," मालक म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

पण डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलंय: शरीर परक्याला कधीही नाकारू शकतं. डोळा लाल झाला, दुखला, उजेड टोचला, अंधुक दिसलं, तर तडक यायचं. घरगुती उपाय बंद. म्हणून जरा लाली दिसली की मी काम तसंच टाकून धावत सुटतो. बायको म्हणते, "काम जाईल म्हणून किती घाबरता!"

काम गेलं तर गेलं. त्या माणसाचं या जगात एवढंच जिवंत उरलंय. तेही माझ्या अंगाने झिडकारलं, तर तो पुन्हा मरेल, आणि या वेळी माझ्या घरात.