प्रायॉरिटी नंबर एक: अण्णा

“रावसाहेब, परिस्थिती कळवा!” अण्णा फोनमध्ये ओरडले, तेव्हा रावसाहेब परिस्थितीच कळवत होते. अण्णांनी बटण दाबलं आणि रावसाहेबांचा आवाज मध्येच तुटला.

रावसाहेब म्हणजे ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर. आमच्या नगर जिल्ह्यात साहेब व्हायला नोकरी लागत नाही, बारशातच होता येतं. पुणतांब्याजवळ शेतात खुरपताना एका बाईला साप चावला होता आणि तिला घेऊन ते श्रीरामपूरकडे निघाले होते. अण्णा म्हणजे ॲम्ब्युलन्स चालवणाऱ्या ट्रस्टचे अध्यक्ष. आणि मी या गोंधळाची इंजिनिअर. ट्रस्टच्या कंट्रोल रूमला ब्रॉडबँड पुश-टू-टॉक जोडून देणं हे माझं काम. उद्घाटनाचा नारळ नुकताच फुटला होता, कॉन्सोलला हार घातला होता आणि पेढे वाटायचे राहिले होते.

पुश-टू-टॉक म्हणजे बटण दाबून धरायचं आणि बोलायचं, सोडायचं आणि ऐकायचं. जुन्या वायरलेससारखंच. फक्त हे मोबाईलच्या डेटावर चालतं, त्यामुळे टॉवर जिथे जिथे, तिथे तिथे रेंज. ग्रुपमधलं एक जण बोलतं, बाकी सगळे ऐकतात. बोलण्याच्या त्या हक्काला आम्ही ‘फ्लोअर’ म्हणतो. दोघांनी एकदम बटण दाबलं तर फ्लोअर कोणाला द्यायचा, हे प्रायॉरिटी नंबर ठरवतो. वरच्या नंबरवाल्याने बटण दाबलं की खालच्याचं बोलणं तिथेच कापलं जातं.

हे नंबर ठरवायला आदल्या आठवड्यात मीटिंग झाली. मी सांगत होते की पहिला नंबर कंट्रोल रूमचा, दुसरा रस्त्यावरच्या गाडीचा. पण मीटिंगला लग्नाच्या याद्यांचं रूप आलं होतं.

“अध्यक्ष एक नंबरला,” अण्णा म्हणाले. “त्यात काय विचारायचं?”

“मग उपाध्यक्ष दोनला,” नाना म्हणाले. नाना बेलापूरचे. अण्णांशी त्यांचं हाडवैर नव्हतं, पण अण्णांच्या आधी त्यांना चहा दिला तर त्यांना तो जास्त गोड लागायचा.

मग विश्वस्त, मग मॅनेजर, मग ड्रायव्हर. कंट्रोल रूम शेवटची.

“म्हणजे मी सगळ्यांच्या खाली?” रूथ साळवे मॅडमनी विचारलं. वीस वर्षं त्या तिथे कॉल घेतात, गाड्या पाठवतात.

“तुमी आतच बसलेल्या अस्ता की,” अण्णा म्हणाले.

मी वाद घातला. मग आणखी घातला. शेवटी म्हटलं, घ्या तुमचं तुम्ही, आणि नंबर टाकून दिले. ड्रायव्हरांसाठी तेवढं एक लाल बटण ठेवलं. ते दाबलं की अध्यक्षसुद्धा कापले जातात.

तर उद्घाटनाच्या दिवशी, त्या गोंधळात, रूथ मॅडमना एका टेम्पोवाल्याचा फोन आला. श्रीरामपूरच्या वाटेवरच्या फाट्याच्या पुढे उसाची ट्रॉली पलटी झाली होती, रस्ता बंद. रावसाहेबांनी फाट्यावरून कॅनॉलच्या रस्त्याला वळायला हवं होतं. एकदा सरळ पुढे गेले की मागे ट्रॅक्टरची रांग, गाडी वळवायला जागा नाही. आणि आत साप चावलेली बाई.

रूथ मॅडमनी बटण दाबलं. टूं टूं. फ्लोअर बिझी.

“मी उपाध्यक्ष बोलतोय, बेलापूरहून,” स्पीकरवर नाना. “रावसाहेब, पेशंट शुद्धीवर हाय का?”

“व्हय नाना, पर तिला लई—”

“नाना, मी बोलतोय ना!” अण्णांनी बटण दाबलं. “रावसाहेब, गाडी कुठवर आली?”

“अण्णा, फाटा आत्ता—”

“रावसाहेब, घाबरू नका, ट्रस्ट तुमच्या पाठीशी हाय,” पुन्हा नाना.

टूं टूं. टूं टूं. रूथ मॅडमचं बोट पांढरं पडलं होतं. साधा फोन करायचीही सोय नव्हती. गाडीतला फोन मी या ॲपपुरता लॉक केला होता आणि ड्रायव्हरांचे स्वतःचे मोबाईल अण्णांनी शिस्त म्हणून कपाटात ठेवून घेतले होते.

मला राग आला. अण्णांचा आणि त्याहून जास्त माझा. मी लॅपटॉप ओढला, विश्वस्त मंडळाची सगळी नावं निवडली आणि ‘फक्त ऐकणे’वर टाकली.

“मॅडम, हे बंद पडलं,” अण्णा माझ्यासमोर फोन हलवत म्हणाले. “लाल दिवा लागला. अध्यक्षालाच बोलता येईना व्हय?”

“अण्णा, गप बसा जरा!” रूथ मॅडम ओरडल्या.

वीस वर्षांत त्यांनी अण्णांसमोर खुर्चीसुद्धा सरकवली नव्हती. मग त्यांनी बटण दाबलं.

“रावसाहेब, सरळ जाऊ नका. कॅनॉलनं या. पुढे ट्रॉली पलटलीय.”

त्यांनी बटण सोडलं. मग आवाज आला, “फाट्यावरच हाय मॅडम. वळलो.”

रूथ मॅडम डोकं धरून बसल्या. मीही. बाई वेळेत दवाखान्यात पोचली, इंजेक्शनं सुरू झाली. संध्याकाळी तिने पहिली चौकशी केली ती शेळ्या कोणी घरी नेल्या याची. हे ऐकून मला रडू आलं आणि मी पेढे खाल्ले, चार.

रावसाहेब परतल्यावर मी त्यांना गाठलं. “लाल बटण का नाही दाबलंत?”

“अण्णा बोलत हुते ना मॅडम. मदीच कसं दाबायचं?”

यावर कुठल्याही कंपनीकडे सॉफ्टवेअर नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी बोलावलं. मी खरं तेच सांगितलं. “अण्णा, मंडळासाठी मी स्वतंत्र ग्रुप केलाय. गाड्यांचं सगळं तुम्हाला ऐकू येईल. पण तुमचं बोलणं फक्त मंडळात राहील. स्टाफला तिथे प्रवेश नाही.”

“प्रवेशच न्हाई?”

“अजिबात नाही.”

अण्णांचा चेहरा खुलला. “हे आधीच करायचं हुतं की!”

तेव्हापासून कंट्रोल रूम एक नंबरला आहे, गाड्या दोनला. मी एवढंच शिकले की पंगतीत वाढप्याच्या वाटेवर मानाचा पाहुणा बसवू नये. त्याला स्टेजवरचा सोफा द्यावा.

परवा नानांचा फोन आला. “मॅडम, मंडळाच्या ग्रुपमधी अण्णा मला सारखं तोडत्यात. तिथं तरी मला एक नंबर द्या.”

लगेच दिला. अण्णांचाही एकच ठेवला. त्या ग्रुपमध्ये कोणाला साप चावलेला नसतो.