कालच आलेला निरोप

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी त्या फ्रेंच सिनेमाची गोष्ट सांगितलीत. ऑफिसातला साहेब एका बाईला छळतो, ती तक्रार करते आणि शेवटी तिलाच जावं लागतं. मग धाकटीने विचारलं, "आजी, तुमच्या वेळी असं व्हायचं का गं?" मी "हो" म्हणाले आणि विषय बदलला. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. आता लिहिते, आणि क्रमाने लिहिते.

स्वातंत्र्य मिळण्याच्या थोडं आधीची गोष्ट आहे. माझे वडील खालापूरच्या कचेरीत कारकून होते. मी बी.ए. झाले, तेव्हा कर्जतच्या एका खासगी शाळेत इंग्रजी शिकवायला बाई हवी होती. वडिलांनी परवानगी दिली, पण एक अट घालून. नावाला बोल लागला नाही तर पुढे बी.टी.ला, म्हणजे आताच्या बी.एड.ला, पाठवीन, लागला तर घरी यायचं आणि मी ठरवीन तिथे लग्न करायचं. मला शिकवायचं होतं. दुसरं काही नकोच होतं म्हटलं तरी चालेल.

शाळेत आणखी एकच शिक्षिका होती. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, नवऱ्याने टाकलेली. मी तिला ताई म्हणे. नदीकडच्या आळीत एका शेतकरणीच्या घरात आम्ही दोघी दोन खोल्या घेऊन राहत असू. ताईने मला खूप शिकवलं. ओरडणाऱ्या वर्गात आवाज खाली कसा आणायचा, वालाला मोड कसे आणायचे, अगदी नऊवारीत झपझप चालायचं कसं, हेसुद्धा.

त्या काळी बायका महिन्याचे तीन दिवस बाजूला बसत, हे तुम्ही ऐकलं असेल. कावळा शिवला, असं म्हणत. शाळेत आम्ही कोणाला कळू न देता जात असू, पण घरी नियम पाळत होतो. जी बाजूला बसे ती कोपऱ्यात तरटावर, वेगळं ताट घेऊन. दुसरीने स्वयंपाक करायचा आणि न शिवता वरून वाढायचं. त्यामुळे एकमेकींच्या तारखा आम्हाला स्वतःच्याइतक्याच पाठ होत्या.

हेडमास्तर चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले, खादी नेसणारे. गाव त्यांना मानत होतं. मीही मानत होते. शाळा सुटल्यावर ते मला पाठाची टाचणं दाखवायला खोलीत बोलवू लागले. आधी उच्चार सुधारण्याच्या निमित्ताने खुर्चीमागे उभे राहिले. मग मानेवर हात आला. मग दार लावून घेऊ लागले. मी जायचं टाळलं, तेव्हा सातवीचं इंग्रजी काढून घेतलं आणि मला लहान मुलींचं शिवण दिलं. माझ्या बाकीच्या तासांना मागच्या बाकावर येऊन बसायचे आणि मुलांना विचारायचे, "बाईंचं लक्ष आज कुठे आहे रे?" मुलं हसायची. ते हसणं आठवलं की अजूनही कानशिलं तापतात.

एकदा मला पुन्हा बोलावलं आणि माझं मनगट धरलं. तेवढ्यात ताई खडूची पेटी न्यायला आत आली. तिने पाहिलं. पेटी उचलली आणि गेली.

त्या संध्याकाळी चुलीपाशी ती म्हणाली, "मी पाहिलं गं. मला काय नवीन आहे? तू यायच्या आधी माझीच पाळी होती."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"एकटीचं कोण ऐकतं? दोघी असलो की ऐकावंच लागेल. तू समितीकडे तक्रार कर. मी बोलेन तुझ्यामागून."

तिच्या शब्दावर मी तक्रार केली. एकटीने मी कधीच केली नसती.

शाळेच्या समितीचे अध्यक्ष भाताच्या गिरणीचे मालक होते. घरातली गोष्ट घरात राहावी म्हणून बैठक शाळेत न घेता त्यांच्या घरी ठरली. त्या घरात सोवळं कडक. माडीवर जायचं तर देवघरावरून जावं लागे.

बैठकीच्या दिवशी सकाळी मी पाणी घेऊन आले, तर ताई कोपऱ्यात तरटावर बसलेली. केस मोकळे, ताट वेगळं काढलेलं.

"मला कावळा शिवला गं," ती म्हणाली. "त्या घरात कशी येऊ?"

मी हंडा हातात घेऊन उभी राहिले. अमावास्येला मीच तिला वरून वाढलं होतं, आणि अजून पौर्णिमाही आली नव्हती. पण कधी कधी पुढेमागे होतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

बाहेर पडताना घरमालकीण अंगणात भात वाळत घालत होती. "एकटीच चाललीस गं बाय? आन् त्या?"

"त्या बाजूला आहेत."

"आजच? बरा मुहूर्त गावला गं कावळ्याला!" म्हणून ती हसली. मला हसू आलं नाही.

माडीवर समितीचे चौघे होते, आणि हेडमास्तर. माझं सांगून झाल्यावर अध्यक्ष म्हणाले, "हे कोणी पाहिलं?"

"ताईंनी पाहिलंय. आज त्यांना येता आलं नाही."

हेडमास्तर अगदी मऊ आवाजात म्हणाले, "हो, त्यांचा निरोप आहे माझ्याकडे. कालच कळवलं त्यांनी. बायकांची अडचण आहे, आज या घरात येता यायचं नाही म्हणून."

कालच.

मुलांनो, ही अडचण आदल्या दिवशी कळवता येत नाही. पुरुषांच्या ते ध्यानात आलं नाही. अध्यक्षांच्या पत्नी चहा घेऊन दारात उभ्या होत्या, त्यांच्या मात्र आलं. कप हातात धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग चहा ठेवला आणि खाली निघून गेल्या.

मी म्हणाले, "ते खरं नाही. त्यांना आज तशी काही..."

"बाई!" अध्यक्षांनी हात वर केला. "चार पुरुषांत काढायच्या गोष्टी आहेत का या? शिकलेल्या आहात ना?"

मग सगळं भराभर झालं. माझं वय लहान, माझा गैरसमज झाला असावा, मी आपणहून राजीनामा द्यावा म्हणजे बभ्रा होणार नाही. हेडमास्तरांनी टाक माझ्यापुढे सरकवला.

घरी आले. ताई तरटावर तशीच होती.

"काय म्हणाले गं?"

"तुम्हाला ठाऊक नाही?"

"मला कुठून ठाऊक? मी इथे बसलेली."

"कालच निरोप धाडला होतात ना?"

तिने ओंजळ पुढे केली. "पाणी घाल जरा." मी वरून पाणी घातलं. ती प्याली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "आज वरण पातळच कर हं."

आणि मी केलं. तीन दिवस तिने ते नाटक माझ्यासमोरही सोडलं नाही, आणि मी तिला वाढत राहिले. ओरडले नाही, हात धरून उठवलं नाही. तिला माहेर नव्हतं, नोकरी गेली असती तर जायला घर नव्हतं, हे मला कळत होतं. आजही कळतं. पण मग मला पुढे का केलंत, ताई? तुमच्या अंगावरचं माझ्यावर आलं होतं, ते माझ्यावरच राहू द्यायचं होतं, तर चुलीपाशी ते बोलायचं नव्हतं. हेडमास्तरांचा मला राग आहे. पण त्यांच्यावर माझा भरवसा नव्हता, म्हणून तो राग सोसता येतो.

वडिलांनी अट पाळली. त्याच उन्हाळ्यात तुमच्या आजोबांशी लग्न झालं. ते भले होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही म्हणाल, नाहीतर आम्ही कुठून आलो असतो? ते खरं, पण तो हिशेब माझ्यापुढे मांडू नका. मी पुन्हा कधी वर्गात उभी राहिले नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ताई न्हाली. मी ट्रंक बांधून दारात उभी होते. ओले केस पुसत ती कुंकवाची डबी आणि नारळ घेऊन आली. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं.

"ये, कुंकू लावते. मोकळ्या कपाळाने जाऊ नये."

मी एक पाऊल मागे सरकले. "लांबूनच, ताई. मी बाजूला आहे."

तिचा हात तिथेच थांबला. माझी तारीख तिलाही पाठ होती. पण काय बोलणार? डबी उघडीच राहिली, आणि घरमालकीण ट्रंक उचलायला आली तेव्हाही ती तशीच उभी होती.

स्टेशनवर खोपोलीच्या गाडीत बायकांच्या डब्यात गर्दी होती. मी मधोमध, सगळ्यांना खेटून बसले.