निरोप न पोचलेलं दूध

मी परभणीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. हार्मोनचा धडा माझ्या विशेष आवडीचा होता. मुलांना सांगायचे, ग्रंथीने रक्तात सोडलेला निरोप अंगभर फिरतो, एकेका पेशीच्या दारावरून जातो. पण उघडतं तेच दार, ज्याला त्या किल्लीचं कुलूप असतं. बाकीच्यांना निरोप येऊन गेल्याचा पत्ताही नसतो. मुलं वहीत कुलूप-किल्ली काढायची आणि परीक्षेत ते हमखास लिहायची.

आठव्या महिन्यात एका सकाळी पोटातलं बाळ हललं नाही. मी गूळ खाल्ला, गार पाणी प्यायले, डाव्या कुशीवर पडून राहिले. दुपारी नवऱ्यासोबत दवाखान्यात गेले. डॉक्टरबाई सोनोग्राफी करताना पहिल्यांदा बोलत होत्या, मग बोलायच्या थांबल्या. त्यांनी नवऱ्याला आत बोलवा म्हटलं तेव्हा मला विचारायचं काही उरलं नव्हतं.

कळा याव्यात म्हणून त्यांनी सलाईनमधून ऑक्सिटोसिन सोडलं. ते नाव मी फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात, बाळ बाहेर ढकललं जातं. सगळं धड्यात लिहिल्यासारखंच झालं. मुलगी होती. डोक्यावर दाट केस होते. नवरा आणि सासरे तिला घेऊन गेले.

घरी सोडताना नर्सने दोन गोळ्या दिल्या. "मॅडम, ह्या आजच घ्या. दूध येणार नाही मग." मी त्या पर्समध्ये टाकल्या आणि घेतल्या नाहीत. का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

माय मला माहेरी, पेडगावला घेऊन आली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती पुढच्या खोलीत बुद्धवंदना म्हणत होती आणि मी उठून बसले तर ब्लाऊज भिजलेला. छाती दगडासारखी झाली होती, बोट लावू देत नव्हती. यातही नवल काही नव्हतं. बाळामागून वार पडली की रक्तातलं प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं आणि दूध यायला वाट मोकळी होते. शरीराला वार पडल्याचं कळतं. बाळाचं काय झालं, हे त्याला सांगणारी ग्रंथी नाही. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी पलंगावर बसून त्या ओल्या डागांकडे बघत राहिले. मायने जुन्या लुगड्याची पट्टी फाडून घट्ट बांधली.

त्याच दिवशी दुपारी मला तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं. फार लांबून, बारीक. आवाज आला की छातीत कळ यायची आणि पट्टी भिजायची.

"माय, कोणाचं लेकरू रडायलंय?"

माय दारात जाऊन उभी राहिली, परत आली. "कोणाचंच न्हाई गं. आपल्या गल्लीत सध्या तान्हं लेकरूच न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. मी स्वतःला समजावलं, की हे शेजारच्या काकूंच्या गोठ्यातून येतंय. त्यांच्या म्हशीचं रेडकू त्याच आठवड्यात मेलं होतं आणि म्हैस दिवसभर रेकायची. पण तिचा आवाज जाडा, घोगरा. मला ऐकू येणारा तसा नव्हता. चौथ्या दिवशी मी राहवेना म्हणून मागच्या दाराने गोठ्यात गेले.

काकू म्हशीजवळ बसल्या होत्या, बादली मांडीशी धरून. मी लहान असताना त्यांच्या अंगणातच वाढले. म्हशीच्या तोंडापुढे रेडकू उभं होतं. क्षणभर मीसुद्धा फसले. मग दिसलं, की त्याच्या पोटाला शिवण आहे, डोळ्यांच्या जागा रिकाम्या आहेत आणि कातड्यातून भुसा बाहेर आलाय. पाय म्हणून चार काठ्या खोचलेल्या. काकूंनी त्याच्या पाठीवर मीठ चोळलं होतं आणि म्हैस ते चाटत होती.

"तू कशाला आलीस ओल्या अंगाने उठून," काकू म्हणाल्या. "बस तिथं पोत्यावर."

मी बसले. म्हैस चाटत राहिली आणि थोड्या वेळाने तिची कास भरून आली. जिभेला झालेला तो स्पर्श, नाकात आलेला तो वास मेंदूत गेला, मेंदूतून निरोप सुटला, रक्तातून कासेपर्यंत पोचला आणि पान्हा सुटला. धार बादलीत वाजायला लागली. त्या आवाजाबरोबर माझीही पट्टी भिजली. मी पदर ओढून घेतला.

"काकू, तुमी तिला फसवायलात," मी म्हणाले. माझा आवाज जितका कडक निघाला तितका मला काढायचा नव्हता. "मेलेल्या लेकराचं कातडं पुढं करून दूध काढायचं. बरं न्हाई हे."

काकूंनी हात थांबवला नाही. "आमचे मालक म्हणत होते, सुई आणतो, टोचली की सोडती धार. म्या नको म्हणलं. सुईनं जनावर आतून खराब होतं." ती सुई म्हणजे मला सलाईनमधून दिलेलं तेच ऑक्सिटोसिन.

"पण तिला वाटतंय ना, लेकरू जितं हाय म्हणून."

"कोण म्हणतं?" आता त्यांनी मान वळवली. "पहिल्या दिवशी हुंगलं आन् तोंड फिरवलं तिनं. आख्खा दिवस शिवली न्हाई. दुसऱ्या दिवशी कास तटतटली, उभं राहवेना, तवा चाटायला लागली. तिला ठाऊक हाय सगळं. पर दूध कुटं घेऊन जाईल ती? तिलाबी निमित्त लागतंय, पोरी."

मग त्यांनी बादली बाजूला ठेवली, हात धुतले आणि मला गोठ्याच्या मागच्या आडोशाला नेलं. पट्टी सोडली. कढत पाण्यात भिजवलेलं फडकं दिलं. "थोडं काढून टाक. समदं न्हाई, दुखणं कमी होण्यापुरतं." मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि पहिल्यांदा, दवाखान्यात रडले नव्हते ते, रडले. दूध मातीत पडलं. माती लगेच प्यायली.

गोळ्या मी घेतल्याच नाहीत. दूध कुणी ओढून घेतलं नाही की पेशी हळूहळू बनवायचं थांबवतात. त्यांना तेवढाच निरोप पुरतो. दोन आठवड्यांनी छाती रिकामी झाली आणि दुपारचं रडणंही बंद झालं. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी दुपारभर कान देऊन बसून राहायचे.

पुढच्या सत्रात मी परत वर्गावर गेले. धडा तोच. दुधाचा भाग आला तेव्हा मी तो मुलांना वाचून या म्हणाले. त्या काळात कुठल्याशा मासिकात वाचलं, की गर्भातल्या बाळाच्या काही पेशी वारेतून आईच्या रक्तात येतात आणि बाळ गेलं तरी तिच्या अंगात वर्षानुवर्षं जगतात. तिथल्या पेशींमध्ये मिसळतात, त्यांचे निरोप घेतात. ते पान मी कापून ठेवलं नाही. पण आंघोळ करताना, भाकरी थापताना, मध्येच हात थांबायचा. माझ्यात कुठे असेल ती? हृदयात, यकृतात, की या मनगटात?

दोन वर्षांनी मला पुन्हा दिवस गेले. तिसरा महिना संपत होता. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, बाळ हललेलं कळायला अजून पाच-सहा आठवडे जातील. एका रविवारी दुपारी मी तांदूळ निवडत होते आणि डाव्या बरगडीखाली स्पष्ट लाथ बसली, पहिल्या वेळी आठव्या महिन्यात बसायची तशी. माझ्या हातातलं सूप हललं. नवरा पेपर वाचत होता. त्याने वर बघितलं.

"काय झालं? बाळ हललं?"

"हो," मी म्हणाले.

तो उठून आला, त्याने पोटावर हात ठेवला आणि हसत वाट बघत राहिला. मी त्याचा हात थोडा वर, बरगडीशी सरकवला.