रोबोट आणि आमच्या घरातली वेठ

"आपल्या घरातली वेठ माझ्यापाशी संपली," असं माझे वडील छाती पुढे काढून सांगायचे. आजोबा सुरगाण्याच्या डोंगरात दौऱ्यावर आलेल्या सरकारी साहेबांच्या पेट्या फुकट वाहायचे. नाही म्हणायची सोय नव्हती. वडील तिथून उतरले ते थेट सातपूरच्या कारखान्यात, आणि वेल्डर झाले. फोरमनने त्यांच्या कामाला बरं म्हटलं की घरी येऊन आम्हाला तीनतीनदा ऐकवायचे.

दोन हजार सालाच्या आसपास कारखान्यात वेल्डिंग करणारा रोबोट आला. दर खंडेनवमीला वडील आपल्या वेल्डिंगच्या गनला हळदकुंकू वाहायचे, आणि त्या दिवशी घरच्यांनाही आत सोडत. त्या वर्षी गन स्टोअरमध्ये जमा झालेली. जुना माणूस म्हणून साहेबांनी वडिलांनाच रोबोटला हार घालायला लावला. वर टाळ्या वाजवल्या! त्या टाळ्यांचा मला आजही संताप येतो.

नंतर वडिलांना काम मिळालं ते रोबोटच्या पुढ्यात पत्रे मांडायचं. त्याने जोडले की काढायचे, लगेच दुसरे मांडायचे. तो दमत नसे, म्हणून यांनीही दमायचं नाही. घरी आले की जेवून लगेच आडवे होत. आईने विचारलं तर म्हणत, "काय नाय, लय सुख हाय. मशीनच करतं सगळं."

मी तेव्हा कॉलेजात इंग्रजी शिकत होते. एकदा ग्रंथालयातल्या जाडजूड शब्दकोशात 'रोबोट' शोधला. मला वाटलं होतं, मूळ अर्थ लोखंडी माणूस वगैरे असेल. निघाला भलताच. युरोपातल्या एका भाषेतला शब्द, आणि अर्थ चक्क वेठ: जमीनदाराच्या शेतावर सक्तीने करायचं काम. मी हरखून गेले. वाटलं, बाबांना ऐकून बरं वाटेल. वेठीला आता यंत्र धरलंय, माणूस सुटला.

संध्याकाळी ते ओट्यावर पाय चेपत बसले होते. मी म्हटलं, "बाबा, रोबोट म्हणजे काय माहितीये? वेठ करणारा!"

ते पाय चेपायचे थांबले. मग म्हणाले, "पोरी, मला लघवीला जायचं तरी तो थांबून त्याचा दिवा विझायची वाट बघावी लागते. मंग वेठीला कोण हाय, तो का मी?"

आपल्या घरातली वेठ संपली, असं वडील त्यानंतर कधीच म्हणाले नाहीत.