म्हाळूआबांचा शोषखड्डा

म्हाळूआबांनी जे जे जीव ओतून केलं, ते त्यांच्याच अंगावर आलं. मी सांगू शकतो, कारण शेवटच्या कामात मीही होतो. मी दौंडचा. खारं पाणी गोडं करणाऱ्या मशिनी दुरुस्त करत शिरूरपर्यंत गावं फिरतो.

आबांच्या गावात बोअरचं पाणी इतकं खारं की चहा नासायचा. त्यातल्या त्यात गोडी विहीर एकच, बौद्ध वस्तीतली, आबांच्या बापानं खोदलेली. गावातल्या बायका तिच्यावरून पुढे जाऊन दीड मैलावरून हंडे आणायच्या, पण तिच्यात पोहरा सोडायच्या नाहीत. मग ग्रामपंचायतीला फिल्टरची मशीन मिळाली. बोअरच्या पाण्यावर ती टिकेना, म्हणून आबांनी विहिरीचं पाणी दिलं आणि विहिरीशेजारची गुंठाभर जागाही दिली.

गाव येऊ लागलं. पाणी तेच, पण मशिनीच्या पोटातून आलं की चालायचं. सून ललिता चिडायची, तर आबा म्हणायचे, "दारात आली ना? मंग झालं." चाळीस वर्षं विहिरीकडे न बघितलेल्या गावातल्या साळूबाई कॅन घेऊन आल्या, त्या दिवशी आबांनी नवा सदरा घातला होता. मी कुणाला काय नावं ठेवणार? मीही पाण्याची बाटली दौंडहून भरून न्यायचो.

मशीन जेवढं पाणी गाळते, जवळजवळ तेवढंच आणखी खारं करून सोडून देते. ते अंगणात साचायचं. येणाऱ्याच्या पायाला चिखल नको, वस्ती घाण आहे असं कुणी म्हणायला नको, म्हणून आबांनी विहिरीपासून वीस पावलांवर शोषखड्डा घेतला. सत्तरीच्या माणसानं, एकट्यानं. दगड, विटा, वाळू, सगळे थर नीट. ग्रामस्वच्छतेचं बक्षीस मिळालं त्या वर्षी गावातले निम्मे खड्डे त्यांच्याच हातचे होते. मी बघून "झकास, आबा," म्हणालो. झिरपलेलं खारं पाणी कुठे जाणार, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण आपलं काम मशिनीपुरतं, असं म्हणून मी बॅग उचलली. त्याची मला अजून लाज वाटते.

तीन वर्षं विहीर स्वतःचंच मीठ परत पीत राहिली. क्षार मोजायच्या माझ्या मीटरवर पाचशेचा आकडा तीन हजारांवर गेला आणि मशीन चोंदली. हे पाणी चालणार नाही, असं मी लिहून दिलं. सरपंच मारुतरावांनी महिनाभरात मशीन हलवून देवळामागे, नव्यानं आलेल्या कालव्याच्या पाण्यावर बसवली. वर मलाच म्हणाले, "खड्डा म्हाळूला घ्यायला सांगा. त्याच्यासारखा कुणाला जमत न्हाई."

आबा आले. त्यांनी जागा बघितली, पलीकडची, कालव्याच्या पाझरानं गोडी झालेली मारुतरावांची विहीर बघितली. ते गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. मी गप्पच होतो.

"खड्डा नगा घिऊ, सरपंच," आबा म्हणाले. "माझी हीर त्यानंच मेली. तुमची बी मरंल. गटार काढा."

आयुष्यात पहिल्यांदा गावानं आबांचं ऐकलं. आठ दिवसांत सिमेंटचं गटार झालं. गावाचा उतार वस्तीकडे आहे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

परवा गेलो, तेव्हा ते खारं पाणी आबांच्या उंबऱ्यापुढून वाहत होतं. आबा गटाराच्या कडेकडेनं देवळामागून कॅन घेऊन येत होते. वस्तीत आता गावातलं कुणी येत नाही. मी माफी मागायचं ठरवून गेलो होतो. आबांनी कॅन ठेवला, तांब्या भरला आणि माझ्यापुढे धरला. माझी बाटली बॅगेतून डोकावत होती.

"प्या," आबा म्हणाले. "मशिनीचं हाय. तुमाला चालंल."