लॅपटॉपला पत्रा

आमच्या मधल्या खोलीत नेट जिन्यावरून उतरून येतं. शास्त्र वेगळं असेल, पण मी असंच धरून चालते. फोन गच्चीवर असतो, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, बांबूच्या उलट्या टोपलीखाली, कारण कोरीटला आमच्या घरात रेंज धड मिळते ती तेवढ्या एका जागी. तिथून निघून ते जिना उतरतं, धान्याच्या कोठीला वळसा घालतं आणि माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये शिरतं. फाल्गुनातल्या दुपारी गाव इतकं गप्प असतं की ते येताना ऐकू येईल असं वाटतं. शेजारच्या अंगणात मिरची वाळत घातलेली असते, तिचा तिखट वास दाराच्या फटीतून येतो, डोळे चुरचुरतात, आणि त्या चुरचुरीत मला खरंच काहीतरी पायरी पायरीने खाली येताना दिसतं. मग पडद्याच्या कोपऱ्यातल्या तीन कमानी भरतात आणि मी कामाला लागते.

काम म्हणजे पुस्तकांची पानं लावणं. पुण्यातल्या एका प्रकाशनासाठी मी ते दहा वर्षं करते आहे. आई गेली आणि आबा कोरीटला एकटे राहिले. मला भाऊ नाही, बहीण नाही. लग्न म्हणाल तर ते झालं आणि संपलं, त्याबद्दल इथे काही सांगायचं नाही. मी आमच्या विभागाच्या बाईंना म्हटलं की मी गावाहून काम करेन. त्या भल्या, पण कामाला पक्क्या. म्हणाल्या, महिनाभर करून बघ, मात्र रोज अकराच्या मीटिंगला तू दिसली पाहिजेस आणि फायली वेळेत आल्या पाहिजेत, नाहीतर परत ये. म्हणजे मी आबांजवळ राहायचं की नाही, हे त्या तीन कमानींवर ठरणार होतं.

लॅपटॉप माझाच निवडलेला. दुकानात दोन होते. एक जाडजूड, कडेला तारेसाठी चौकोनी भोक असलेला, आणि दुसरा वहीएवढा बारीक. मी बारीकवर भाळले. त्याला नेटच्या तारेसाठी जागाच ठेवलेली नव्हती. दुकानदार म्हणाला, आता तार कोण लावतं, सगळं आत बसवलेलंच येतं. मलाही ते पटलं. नेमकं कुठे बसवलेलं असतं हे विचारायचं मला सुचलं नाही. सगळं कीबोर्डखाली असणार, असं मी दहा वर्षं गृहीत धरलं होतं. ज्याच्यावर पोट भरतो त्याच्याबद्दल माणूस किती कमी विचारतो.

पुण्याहून येताना विसरवाडीला उतरले, तेव्हा वरच्या फळीवरून बॅग निसटली आणि लॅपटॉपच्या झाकणाचा कोपरा तडकला. बिजागरीही सैल झाली. घरी आल्यावर आबांना दाखवलं आणि सहज बोलून गेले, हा तुटला तर मला परत जावं लागेल. बोलून मी विसरले. आबा विसरले नाहीत.

त्यांना नेटचा हा प्रकारच मान्य नव्हता. मोटारीला तार लागते, दिव्याला लागते. पहिल्या दिवशी ते कितीतरी वेळ लॅपटॉपच्या चारी बाजूंनी बघत राहिले आणि म्हणाले, "तार नही, काही नही. मंग येस कथाईन?" तिथून येतं, असं म्हणत मी जिन्याकडे बोट दाखवलं. त्यांनी वळून बघितलं. जिन्यात ऊन होतं आणि उन्हात धूळ तरंगत होती. मग जिन्यात ठेवलेली फावडी त्यांनी उचलून गोठ्यात नेली.

आबांची एक रीत आहे. नवी वस्तू घरात आली की ती जशी आली तशी वापरायची नाही, आधी तिला जाड करायचं. नव्या चपलेला टायरचा तळ, नव्या बादलीला बुडाशी पत्र्याचा पट्टा, छत्रीच्या दांड्याला तांब्याची तार. शाळेत माझं दप्तर माझ्यापेक्षा जड होतं, कारण त्याला आतून खताच्या पिशवीचं अस्तर लावलेलं होतं. मैत्रिणी हसायच्या. पण ते दप्तर पहिलीपासून सातवीपर्यंत पुरलं, त्यांची दरवर्षी फाटायची. कंपनीवाले वस्तू विकण्यापुरती करतात, वापरण्यापुरती आपण करून घ्यायची असते, असं त्यांचं म्हणणं. मला लहानपणी याचा राग यायचा. अजूनही थोडा येतो.

तिसऱ्या आठवड्यात आईच्या कागदपत्रांसाठी मी एक दिवस नंदुरबारला गेले. संध्याकाळी परत आले तर लॅपटॉप टेबलावर नव्हता, पाटावर होता, धुतलेल्या टॉवेलवर. त्याच्या झाकणाला पत्रा बसवलेला होता. आईचा पिठाचा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, मोठा डबा होता, त्याचा. दोन माणसांना कुठे एवढं पीठ लागतं म्हणून तो कोठीमागे पडून होता. आबांनी तो कापला, लाकडी हातोडीने सपाट केला आणि झाकणाच्या मागून नेऊन पुढच्या चौकटीवर चारी बाजूंनी बोटभर दुमडला, फोटोला चौकट करतात तसा. ओरखडे उठू नयेत म्हणून आतून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. बिजागरीपाशी दोन्हीकडे अर्धगोल काप. वर मधोमध, कॅमेऱ्यासमोर, वाटाण्याएवढं गोल भोक, काठ घासून गुळगुळीत केलेले.

"आते याले काही व्हनार नही," आबा म्हणाले.

मी पत्र्यावरून हात फिरवला. एका बाजूला डब्यावर कोरलेल्या आईच्या नावाची दोन अक्षरं आली होती. फार छान झालंय, एवढंच मी म्हणाले, आणि ते खरंच छान झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मधल्या खोलीत नेट येईना. फोनशेजारी जाऊन बसलं की कशीबशी एक कमान दिसायची, खाली आलं की तीही जायची. गच्चीवर अकरा वाजता ऊन असं की लॅपटॉप तापून बंद पडायचा. मीटिंगमध्ये माझा चेहरा अर्ध्यावर थिजायचा, तोंड उघडं, आणि बाई म्हणायच्या, तू परत गेलीस वाटतं.

मला काय वाटावं? त्याच आठवड्यात अंगणातल्या कडुलिंबाला पालवी फुटली होती. बघता बघता तांबूस कोवळ्या पानांनी गच्चीवरची फांदी भरून गेली होती. मी आणि आबा त्या फांदीकडे बघायचो. दोष तिचाच, हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं, आणि एका सकाळी आबांनी ती तोडली. तिच्या सावलीत त्यांची दुपारची खाट असायची. पानं अंगणात पडली, कडू वास घरभर झाला. नेट आलं नाही. आबांनी खाट गोठ्यात हलवली.

शेवटी बाईंचा फोन आला. सोमवारपासून पुण्यात दिसशील ना, असं त्यांनी मऊ आवाजात विचारलं. मी हो म्हटलं. रविवारची गाडी धरायची ठरली. आबांनी शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतली, माझ्याबरोबर द्यायला. खलबत्त्याचा तो आवाज ऐकत मी मधल्या खोलीत रिकामी बसले होते. जिन्यात तसंच ऊन होतं, तशीच धूळ तरंगत होती, आणि तिच्याबरोबर काहीच खाली येत नव्हतं. इतकं एकटं मला आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

शनिवारी, जाण्याआधी एकदा तपासून घ्यावा म्हणून, लॅपटॉप नंदुरबारला दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदार वयस्कर, एके काळी रेडिओ दुरुस्त करणारा. त्याने पत्र्याची दुमड बघितली, अंगठ्याने दाबून बघितली आणि हे कोणी केलं ते विचारलं. वडिलांनी, म्हटलं. हात चांगला आहे, म्हणाला. मग त्याने ती चौकट हलक्या हाताने सोडवली, झाकणाची प्लॅस्टिकची कड उचकटली आणि मला जवळ बोलावलं. बिजागरीतून दोन बारीक तारा, एक काळी, एक राखाडी, पडद्याच्या कडेने वर चढल्या होत्या आणि अगदी वर, कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना, बोटाच्या पेराएवढ्या दोन पट्ट्यांना जाऊन मिळाल्या होत्या. हे याचे कान, तो म्हणाला. म्हणून वरची कड प्लॅस्टिकची ठेवतात, लाटा पत्र्यातून जात नाहीत. तुमच्या वडिलांनी डोळा सोडला आणि कान झाकले. बाकी लॅपटॉपला काही झालेलं नाही.

मी त्याला पत्रा परत बसवून द्यायला सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं, पण बसवून दिला.

परत येताना लॅपटॉप मांडीवर धरून मी मनाशी खोटं जुळवत होते. पत्रा काढावा आणि सांगावं की काढायला दुकानदारानेच सांगितलं, गरम होतो म्हणून. नेट मग आपोआप आलं, उशिरा का होईना फांदी तोडल्याचा गुण आला, असं म्हणावं. चांगलं बेमालूम खोटं होतं. पण घरी पोचले तर आबा अंगणात चटणीच्या बरणीला चिंधी गुंडाळत होते, वाटेत फुटू नये म्हणून, एकावर एक तीन चिंध्या, वर सुतळी. मला खोटं बोलवेना. मी पाटावर बसले आणि सगळं सांगितलं. काळी तार, राखाडी तार, वरच्या पट्ट्या, पत्रा.

आबांनी सुतळीची गाठ पुरी केली. बरणी बाजूला ठेवली.

"म्हंजे मीच तुले धाडी ऱ्हायंतू," ते म्हणाले.

मी नाही म्हटलं. मीही झाडालाच दोष दिला होता, मलाही कुठे माहीत होतं, असं बरंच बोलले. ते ऐकत नव्हते. ते उठले, कातर आणि कानस घेऊन आले आणि कान कुठपर्यंत आहेत ते विचारलं. मी बोटाने दाखवलं. त्यांनी पेन्सिलीने रेघ ओढली. पत्रा काढून घेतला, वरची चार बोटं रुंद पट्टी कापली, काठ घासला, हाताच्या पाठीवर फिरवून बघितला, पुन्हा घासला. मग उरलेला पत्रा परत चढवला. आईच्या नावाची दोन अक्षरं खालच्या बाजूला होती, ती राहिली. मी लॅपटॉप मधल्या खोलीत नेला आणि उघडला. पहिली कमान आली. थोड्या वेळाने दुसरी. तिसरी येईपर्यंत आम्ही दोघं श्वास रोखून बसलो होतो.

मी बाईंना फोन केला आणि सोमवारची एक मीटिंग मागून घेतली. ती पाऊण तास चालली. माझा चेहरा एकदाही थिजला नाही. बाई म्हणाल्या, बरं, राहा मग. आबा खोलीत नव्हते. बाहेर येऊन बघते तर ते ओट्याच्या कडेला उन्हात बसलेले, पाठ भिंतीला लावून, पाय पोटाशी घेऊन, घामाने निथळत. आत का आला नाहीत, मी विचारलं. जिन्यासमोर आपण आडवे यायला नको म्हणून, ते म्हणाले.

माणूस आडवा गेल्याने काही बिघडत नाही, हे मी त्यांना तेव्हा समजावलं, नंतरही दोन-तीनदा समजावलं. ते हो म्हणतात. आता गोठ्यातली खाट परत अंगणात आली आहे, चटणी आम्ही दोघांनीच खाऊन संपवली, आणि कडुलिंब त्या तुटल्या जागी पुन्हा फुटला आहे. पण मी काम करत असले आणि आबांना मागच्या दारी जायचं असलं, तर जिन्यासमोर आल्यावर ते थांबतात, गुडघ्यांवर हात टेकून कमरेत वाकतात आणि तेवढी जागा खालून पार करतात. गुडघे दुखत असतानाही वाकतात. मी पडद्यावरून नजर काढत नाही.