सोप्यातली तांब्याची कसुती

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात वादिराजांचं चिंच-गुळाचं दुकान होतं. त्यांच्या आधी तिथे त्यांचे वडील, अप्पा, बसत. खेड्यावरून आलेल्या एखाद्या म्हातारीने झिजून गुळगुळीत झालेला जुना ढबू पैसा पुढे केला, की तो आता चालत नाही हे सांगणं अप्पांच्या जिवावर येई. ते तो मुकाट्याने घेत आणि मागच्या पोत्यात टाकत. १९३४ साली वादिराजांनी ते पोतं घरी आणलं. तांबट मोडीत घ्यायला दारात येऊन उभा राहिला, पण अंबूताईंनी त्याला ताक पाजून परत पाठवलं.

अंबूताई म्हणजे वादिराजांची पत्नी. वय चाळिशीचं. इरकली लुगड्यावर दोरे मोजून कसुतीचे टाके भरण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. त्याच महिन्यात सोप्यातली, म्हणजे पुढच्या बैठकीतली, शेणाची जमीन काढून चुन्याची करायची ठरली होती. अंबूताईंनी सगळे पैसे चिंचेच्या कोळाने घासले आणि परातीत ओतले. तांबं असं काही उजळलं, की त्या तिथेच बसून राहिल्या.

"हे टाके आहेत," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "जमिनीवर भरूया."

वादिराज हसले, पण अप्पांचा चेहरा उतरला.

"अंबू, येणारा-जाणारा त्यावर पाय देईल. चालत नसली तरी लक्ष्मीच ना ती?"

अंबूताई दोन दिवस लुगड्याचा काठ नि पदर न्याहाळत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपलं लुगडं सोप्यात अंथरलं. "हे बघा अप्पा. कसुती काठालगत असते नि पदरावर. आपण भिंतीलगत काठ काढू. तिथे तक्के असतात, पाय कुणाचा पडत नाही. आणि त्या कोपऱ्यात पदर, पदरावर हत्ती."

अप्पांनी काठीने भिंतीपासून हातभर अंतरावर रेघ ओढली. "याच्या अलीकडे एक पैसा आला तर मी उपटून काढीन."

गवंडी बसप्पाला मात्र हे पटेना. "अक्कावर, मी जमीन करतो, लुगडी नव्हे," तो कन्नडात, पण आदरानेच म्हणाला. अंबूताईंनीही कन्नडातच त्याला पदरावरचा एकेक टाका मोजून दाखवला. दुपारपर्यंत त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने सुतळ्या आडव्या-उभ्या ताणल्या आणि जमिनीला लुगड्यासारखे दोरे आले.

रोज एक भिंत. बसप्पा चुना थापी, अंबूताई पदर खोचून पैसे दाबत जात. चौथ्या दिवशी हत्ती निम्मा झाला आणि पोतं संपलं. सोंडेला आठ पैसे कमी.

"चुना थांबणार नाही, अक्कावर."

वादिराजांनी खिशातले चालू पैसे काढले. त्यांवर इंग्रज राजाचा चेहरा. बसप्पाने विचारलं, "तोंड वर की खाली?"

वादिराजांनी दाराकडे पाहिलं. शेजारचे मधुकरराव सरकारी कचेरीत नोकरीला होते. "खालीच कर बाबा. राजाला जमिनीत पुरलं म्हणून उद्या कुणी बोलावणं धाडायचं."

अप्पा ठसका लागेपर्यंत हसले.

नवरात्रात बायका हळदीकुंकवाला आल्या त्या जमिनीकडेच बघत राहिल्या. धारवाडच्या एका वकिलाची बायको शांता हत्तीसमोरून उठेचना. "आमच्या सोप्यात कराल का? जुने पैसे आहेत सासऱ्यांचे."

अंबूताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते काही बोलण्याआधीच अप्पा म्हणाले, "जाईल ती. स्वयंपाकाचं मी बघतो." अप्पांनी जन्मात चूल पेटवली नव्हती. तो आठवडा घराने पिठलं खाऊन काढला, कधी पातळ, कधी करपलेलं.

अंबूताई धारवाडला गेल्या, रेल्वेने, सुतळीचं बंडल सांभाळणाऱ्या बसप्पाबरोबर. पुढच्या सहा वर्षांत दोघांनी मिळून पाच घरांत जमिनी केल्या. जुनी नाणी ज्याची त्याने द्यायची, नक्षी अंबूताईंची. दोघांची चुन्यावरून रोज वादावादी, आणि दुपारी एकाच फडक्यातली भाकरी.

हुबळीजवळच्या उणकलच्या घरात अंबूताई जेवायला उठल्या असताना बसप्पाने न विचारता मोराची मान भरून टाकली. परत येऊन त्यांनी ती वरून खाली मोजली, पुन्हा खालून वर मोजली, आणि एकच पैसा काढून शेजारी सरकवला.

"बाकी बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

बसप्पा हे वर्षभर बाजारात सांगत होता.